काकडीवाल्यांचा हंगाम

११ ऑगस्ट २०२४, रविवार

निवृत्तीनंतरचा दुसरा रविवार. रविवार आहे हे कॅलेंडर पाहून कळलं. पंचायत समितीत शिक्षण विभागाचा विस्तार अधिकारी म्हणून शेवटची सही केली, तरी सकाळी ऑफिसच्या वेळेला पाय आपोआप बुटात जातात. काल सुलोचनाने विचारलं, कुठी निंगाले? बूट काढले.

वेळेचा सदुपयोग करायचं ठरवलं आहे. स्पेनची फुटबॉल लीग या आठवड्यात सुरू होते. ती पूर्ण पाहणार. अडतीस मॅचेस, ऑगस्ट ते मे. टीम ठरली आहे: लेगानेस. आमचा थोरला, विवेक, तिथं रोबोटिक्समध्ये मास्टर्स करतोय. माद्रिदला लागून आहे, नागपूरला हिंगणा आहे तसं. टीम यंदाच खालच्या लीगमधून वर आली. त्या भागात पूर्वी काकडी पिकायची म्हणून या टीमला काकडीवाले म्हणतात. हे मी स्वतः शोधून काढलं. शर्टावर निळे-पांढरे पट्टे.

विवेकसाठी पाहतोय असं मुळीच नाही. फुटबॉलसाठीच. दोघांना बोलायला एक विषय झाला तर बरंच. सध्या आमचं बोलणं 'जेवला का' आणि 'थंडी आहे का' यावर संपतं, मग फोन सुलोचनाकडे जातो आणि माझ्याकडे परत येत नाही.

माझा फुटबॉलचा अनुभव: आष्टीला कर्मचाऱ्यांच्या क्रीडा स्पर्धेत लाइन्समन होतो. झेंडा दोनदा उचलला. दोन्ही वेळा बरोबर होतो.

इतर ठराव: रोज दहा स्पॅनिश शब्द. सकाळी चालणे. चहात साखर अर्धी. न मागता कोणाला सल्ला द्यायचा नाही.

१८ ऑगस्ट

पहिली मॅच आपल्याकडच्या मध्यरात्रीनंतर होती. गजर लावला होता. तो सुलोचनाने ऐकला. तिचं म्हणणं, तुमाले हलवून हलवून उठवलं, तुमी 'फाइल टेबलावर ठेवा' म्हनले अन् कूस बदलली. शक्य आहे. या दिवसांत हवा दमट असते, झोप जड लागते.

सकाळी निकाल पाहिला. १-१. परक्या मैदानावर बरोबरी, म्हणजे जवळजवळ विजय. हायलाइट्स दोनदा पाहिले. जाणकाराला तेवढे पुरतात. शाळा तपासणीला जायचो तेव्हाही गेटातून आत शिरताना सगळं कळायचं.

विवेकला शेरा पाठवला: 'बचाव फळी समाधानकारक. मध्यफळीत शिस्तीचा अभाव. पुढील भेटीपूर्वी सुधारणा अपेक्षित.' दुपारी त्याचा अंगठा आला. कमी बोलणारा माणूस विचार जास्त करतो.

२६ ऑगस्ट

जिंकलो! २-१. (झोप लागली होती. पण संध्याकाळपासूनच वाटत होतं जिंकणार.) दोन मॅचमध्ये चार पॉइंट. हाच वेग राहिला तर पुढल्या वर्षी युरोपातल्या मोठ्या स्पर्धेत.

विवेकला फोन. तो म्हणाला, छान. मी विचारलं, स्टेडियम तुझ्या खोलीपासून किती दूर? म्हणाला, दिसते कधी कधी बसमधून. म्हणजे येता-जाता रोज त्याचं लक्ष तिकडंच असतं.

स्पॅनिश: आज दोन शब्द. राहिलेले उद्याच्या दहात मिळवायचे.

१५ सप्टेंबर

लागोपाठ दोन हरलो. मी दोन्ही पाहू शकलो नाही. एकट्याने पाहायचं म्हटलं की झोप येते, असा निष्कर्ष काढला. म्हणून 'लेगानेस समर्थक मंडळ, कारंजा (घाडगे)' स्थापन केलं. अध्यक्ष मी. हायवेवर कवडूचा धाबा आहे आणि त्याच्याकडे मोठा टीव्ही आहे, म्हणून कवडू सचिव. तो म्हणाला, साहेब, मले त्यातलं काई समजत नाई, पन तुमी म्हनता तं राहू द्या माहं नाव. नोकरीत मी नेमलेल्या बहुतेक समित्यांचं असंच होतं. कामं होतच होती.

मेघा, आमची धाकटी, वर्ध्याला बँकेत आहे. सुटीला आली होती. तिने मोबाइलवरचं अॅप घरच्या टीव्हीला जोडून दिलं. वायर गुंडाळता गुंडाळता विचारते, बाबा, दादा पाह्यते का कधी मॅच? मी म्हटलं, तो तिथंच राहतो, न पाहून सांगतो कोणाला. ती म्हणाली, बरं.

२७ ऑक्टोबर

आजची मॅच संध्याकाळची, माणसांच्या वेळेची. धाब्यावर गेलो. तीन ट्रक ड्रायव्हर आणि दिवाळीची खरेदी करून परतणारं अमरावतीचं एक कुटुंब. एवढी माणसं एकत्र पाहून राहवलं नाही. टीव्हीसमोर उभा राहून सगळ्यांना ऑफसाइडचा नियम समजावला. पाण्याचा ग्लास गोलकीपर, मिठाची डबी शेवटचा डिफेंडर, काकडीची चकती आपला फॉरवर्ड. नियम अर्ध्यावर आला तेव्हा एका ड्रायव्हरने फॉरवर्ड खाऊन टाकला. दुसरा म्हणाला, अंकल, थोडा हटो तो दिखे.

३-० ने जिंकलो. तिन्ही गोल माझ्या पाठीमागे झाले.

विवेकला कळवलं की प्रत्यक्ष हजर होतो.

२५ नोव्हेंबर

रिअल माद्रिद आपल्या घरी येऊन ०-३ ने मारून गेले. हे होणारच होतं. दुःख त्याचं नाही.

सकाळी धाब्यावर गेलो तर कवडूच्या गल्ल्याच्या मागे माद्रिदच्या पांढऱ्या शर्टाचं पोस्टर. विचारलं तर म्हणाला, साहेब, दोनी माद्रिदकडचेच तं आहेत. हे जितते. हारनाऱ्या टीमले पाहून गिऱ्हाईक उठून जाते.

मंडळाच्या सचिवपदाचा राजीनामा स्वीकारला. त्याने दिला नव्हता, पण स्वीकारला. चहा त्याच्याकडेच घेतला. साखर पूर्ण.

१६ डिसेंबर

बार्सिलोनाच्या मैदानावर बार्सिलोनाला हरवलं. ०-१. काकडीवाल्यांनी. चौथ्याच मिनिटाला कॉर्नरवरून हेडर आणि मग पूर्ण मॅच दाराला पाठ लावून उभे राहिले. मी मॅच पाहिली म्हणायला हरकत नाही. फक्त सकाळी पाहिली.

कॉर्नरकडे दुर्लक्ष होतंय असं मी विवेकला नोव्हेंबरातच लिहिलं होतं. श्रेय मागत नाही.

पेढे घेऊन जुन्या ऑफिसात गेलो. सगळ्यांना वाटलं, विवेकचं लग्न जमलं. दोघांनी तर मुलीचं गाव विचारलं. समजावून सांगितल्यावर त्यांनी पेढे खाल्ले, पण चेहरे उतरले. नव्या साहेबांनी माझी खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ केली आहे. कागदावर स्वतःचीच सावली पडते. काही बोललो नाही. (बोललो.)

विवेकने लिहिलं: वा बाबा, भारी. पूर्ण तीन शब्द. तिथं गावभर जल्लोष असेल, तरी वेळ काढला.

१ जानेवारी २०२५

नवे ठराव म्हणजे ऑगस्टचेच, तारीख बदलून. चालणे सोमवारपासून.

जूनमध्ये कोर्स संपला की विवेक इकडंच येईल. नागपूरला मिहानमध्ये कंपन्या आहेत. दोन ठिकाणी मी चौकशी करून ठेवली आहे. त्याला अजून सांगितलं नाही. आधी सांगितलं की मुलं बिथरतात. सुलोचनाला सांगितलं. ती म्हणाली, त्याले इचारा. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात. ती उठून वाळत घातलेले कपडे काढायला गेली. कपडे ओले होते.

१९ जानेवारी

कालची मॅच अॅटलेटिको माद्रिदशी. ही एक मात्र पूर्ण जागेपणी पाहिली. पाहिलीच म्हणायची. आपण १-० ने पुढे. शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. मी चपला घालून अंगणात जाऊन उभा राहिलो. सुलोचना टीव्हीपुढे वाटाणे सोलत बसली होती, मालिकेची वाट पाहत. आतून ओरडली, हुकला वो त्याचा! मी विचारलं, कुठून गेला? ती म्हणाली, बाजूनं. आता लावू का माही सीरियल?

हंगामातला सर्वांत मोठा क्षण या घरात फुटबॉल न समजणाऱ्या बाईने पाहिला.

लगेच विवेकला फोन लावला. बंद होता. एक बाई रेकॉर्डवर काहीतरी बोलली. स्पॅनिश वाटली नाही, घशातून खरखर काढल्यासारखी भाषा. पण माझी स्पॅनिश पाचव्या धड्यावर आहे, उगाच मत देत नाही.

९ फेब्रुवारी

हरतोय. बरोबरी होतेय. परत हरतोय. पॉइंट टेबलमध्ये खालून मोजणं सोपं पडतं. शेवटच्या तीन टीम पुढल्या वर्षी खालच्या लीगमध्ये जातात.

व्हिडिओ कॉल. विवेकच्या मागे आधी पिवळ्या इमारतीची खिडकी दिसायची, आता पांढरी भिंत आहे. खोली रंगवून घेतलेली दिसते. मी मध्यफळीबद्दल बोललो. तो हं, हं म्हणाला. मध्येच सुलोचनाने विचारलं, तिकडं बर्फ पडला का रे? तो म्हणाला, थोडासा. मी म्हटलं, माद्रिदला कुठला बर्फ? मग तिने लोणच्याचा विषय काढला.

२३ फेब्रुवारी

काही नाही.

२ मार्च

जिंकलो म्हणतात, १-०. पाहिली नाही.

दुपारी मेघा आली होती. जेवताना सहज बोलून गेली, दादाले आइंडहोवनची थंडी सोसून राह्यली वाटते, सर्दी कमी झाली. मी विचारलं, आइंडहोवन कुठं आलं? तिचा घास हातात राहिला. सुलोचना उठून पाणी आणायला गेली. पाणी ताटाजवळच होतं.

आइंडहोवन हॉलंडमध्ये आहे. विवेकचा अभ्यास डिसेंबरातच आटोपला. जानेवारीपासून तो तिथल्या एका कंपनीत आहे. मेघाला माहीत होतं. सुलोचनाला माहीत होतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? सुलोचना म्हणाली, कसं सांगावं तुमाले? तुमी त्या काकडीवाल्यांत इतके रमले होते. पोरगा म्हने, बाबा बोलून राह्यले मायासंग, बोलू दे.

मला याचं काही वाटलं नाही. मुलं शिकतात, जातात. आपण अधिकारी माणूस, बदल्या पाहिलेल्या.

रात्री जेवलो नाही. दुपारचं जड झालं होतं.

३ मार्च

आज चालायला गेलो. खूप लांब गेलो. परत येताना ऑटो करावा लागला.

५ मार्च

व्यवहार पाहायचं ठरवलं. आइंडहोवनला पीएसव्ही म्हणून टीम आहे. तिकडची चॅम्पियन होत असते. काल त्यांची युरोपातली मोठी मॅच होती, त्यांच्याच घरी, इंग्लंडच्या आर्सेनलशी. म्हटलं, आजपासून ही आपली. सुलोचनाला सांगितलं नाही.

१-७.

सकाळी पाहिलं आणि बराच वेळ तो सात मला एकच वाटत होता. चष्मा पुसला. सात.

लेगानेसला परत आलो. कोणाला कळलं नाही, तेव्हा बाजू बदलली असं म्हणता येणार नाही.

१६ मार्च

विवेकला शेरे नेहमीप्रमाणे पाठवतोय. तो नेहमीप्रमाणे अंगठे पाठवतोय. आइंडहोवनबद्दल मी काढत नाही, तोही काढत नाही. सुलोचनाने विचारलं, तो तिथं नाई, तं त्या टीमचं काऊन करता आता? मी म्हटलं, टीमने काय केलं? टीम कुठं सोडून गेली?

जरा मोठ्याने बोललो. नंतर तिला सॉरी म्हणायचं ठरवलं. उद्या म्हणतो.

१३ एप्रिल

काल बार्सिलोनाशी ०-१. स्वतःच्याच खेळाडूचा पाय लागून बॉल स्वतःच्याच जाळीत. त्या पोराचा चेहरा पाहवला नाही.

उद्या जयंती. घरावर निळा झेंडा लावला. शेजारच्या कॉलेजच्या पोराने विचारलं, काका, टीमचा का? मी म्हटलं, नाही बाबा. हा कायमचा. हा कुठं खाली जात नाही.

विहारात जयंती समितीने मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. विषय शिक्षण. तयारी झाली आहे.

१५ एप्रिल

भाषण चांगलं झालं. सुरुवात शिक्षणाने केली. शिकलेली मुलं परदेशात जातात तिथवर बरोबर होतो. मग चांगला खेळाडू मोठा झाला की लहान क्लबचं काय होतं, हे उदाहरण दिलं. ते उदाहरण जरा लांबलं. समितीचे अध्यक्ष येऊन माझ्या हातातून हळूच माइक घेऊन गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येताना सुलोचना म्हणाली, चांगलं बोलले. मी विचारलं, खरंच? म्हणाली, हाव. अन् मग घर येईपर्यंत माझा हात धरून चालली. रस्ता खराब आहे तिथं.

२० एप्रिल, रविवार

विवेकचा फोन. स्वतःहून, माझ्या नंबरवर.

म्हणाला, बाबा, तुमाले एक सांगाचं होतं. मी म्हटलं, माहीत आहे, मार्चपासून. मग वातावरण हलकं करायला मी म्हणालो, जानेवारीत गेलास म्हणजे खेळाडूंच्या बदल्यांच्या मुदतीत, ट्रान्सफर विंडोमध्येच गेलास, नियमात बसतं. तो हसला. चांगला मोकळा हसला. त्याला मी हसवल्याचं मला आठवत नाही. त्या जोरावर विचारलं, उसना, लोनवर, का परमनंट?

तो हसायचा थांबला. म्हणाला, परमनंट, बाबा. कंपनीनं ठेवून घेतलं.

मी म्हटलं, हॅलो. हॅलो. आवाज येत नाही रे. आणि फोन ठेवला. नेटवर्कचं इथं काही खरं नाही. सुलोचना स्वयंपाकघरातून म्हणाली, मले तं त्याचा आवाज इथपरेंत येऊन राह्यला होता.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

काल ३-२ ने जिंकलो, ज्यांच्याशी जगण्या-मरण्याची स्पर्धा आहे त्या एस्पान्योललाच हरवून. आशा आहे.

आणि विवेक येतोय! गुरुवारी. शेवटच्या मॅचपर्यंत इथंच. सकाळी विहारातून आल्यावर सुलोचनाने खीर केली आणि तेव्हाच सांगितलं. तिला आठवड्यापासून माहीत होतं. असो.

माझी योजना तयार आहे. पहिले दोन दिवस काही बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी केळझरच्या बाजूला फिरवून आणायचं, गाडीत दोघंच, तेव्हा मिहानचा विषय सहज काढायचा. चौथ्या दिवशी त्याला विचार करू द्यायचा. मग होकार. मुलाला कसं पटवायचं हे मला कळतं. तालुक्यातले सगळे मुख्याध्यापक मी पटवलेले आहेत.

१७ मे

तिसरा दिवस. विवेक दिवसा झोपतो आणि दुपारनंतर लॅपटॉप उघडून त्या कंपनीचं काम करतो. सुटी घेतली नाही का, विचारलं. म्हणाला, अर्धी. बारीक झाला आहे. दाढी ठेवली आहे. आईशी स्वयंपाकघरात ओट्यावर बसून बोलतो, दहावीत बसायचा तसा. मी गेलो की ओट्यावरून उतरतो.

केळझरला निघालो. गाडीत मागे सुलोचना आणि मेघा. दोघंच असं जमलं नाही. गणपतीच्या टेकडीवर पायऱ्या चढताना मला धाप लागली म्हणून विवेकने माझी पिशवी घेतली. ती वेळ योग्य होती. मी म्हटलं, विवेक. तो म्हणाला, हां बाबा. मी म्हटलं, आपण लोकं ऑफसाइडचा नियम चुकीचा समजतो.

त्याने सगळं ऐकून घेतलं.

१९ मे

काल लास पाल्मासला हरवलं, त्यांच्या घरी. आता सगळं शेवटच्या मॅचवर. आपण जिंकायचं आणि एस्पान्योलने जिंकायचं नाही. एवढंच. तसं पाहिलं तर अगदी शक्य आहे.

तिकडं पीएसव्ही चॅम्पियन झाले. विवेकच्या ऑफिसच्या ग्रुपवर नुसते फोटो. त्याने मला दाखवले. गर्दीत सगळे लाल-पांढरे. मी म्हटलं, छान आहे. तुझं गाव जिंकलं. त्याने मोबाइल खिशात ठेवला. म्हणाला, बाबा, माहं गाव नाई ते.

या वाक्यावर मी दिवसभर आनंदात आहे. मिहानचं उद्या काढतो.

२४ मे

मिहान राहिलं. चार दिवस तो नागपूरला मित्रांकडे होता. उद्या सकाळी निघणार, नागपूरहून विमान.

आज मात्र मॅच दोघं मिळून पाहणार. मीच म्हटलं. तो लगेच हो म्हणाला. दुपारी झोप काढून घेतली आहे. सुलोचनाने चहाचा थर्मास भरून ठेवला आहे. मॅच झाली, टीम वाचली, दोघंही खुशीत असले, की विचारतो. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही.

२५ मे, रविवार, सकाळ

जागलो. संपूर्ण हंगामात पहिल्यांदा, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत, अंगणात न जाता.

सुरुवातीला विवेक सरळ बसून पाहत होता. मी खेळाडूंची ओळख करून देत होतो. थोड्या वेळाने तो म्हणाला, बाबा, खरं सांगू का, मी एकबी मॅच पाह्यली नाई आजवर. मले फुटबॉल समजत नाई. मी म्हटलं, मग माझे ते शेरे? म्हणाला, वाचतो ना. ट्रेनमंदी. सकायी पह्यले तेच वाचतो.

स्क्रीनकडे पाहत राहिलो. हाफटाइमच्या आधीच तो दिवाणावर कलंडला. तोंड थोडं उघडं, एक पाय खाली. लहानपणीही असाच झोपायचा, कुठंही. आवाज बंद केला. पंखा त्याच्याकडे फिरवला. पुढचं सगळं तसंच मुक्यानं पाहिलं.

आपण जिंकलो. ३-०. पण दुसऱ्या हाफमध्ये तिकडं एस्पान्योलनेही गोल मारला, मग आणखी एक. जिंकूनही खाली गेलो. मैदानावर ती पोरं निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत बसून रडत होती आणि लोक त्यांच्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. आवाज नव्हताच. विवेकला उठवावं असं वाटलं. उठवलं नाही. विचारायचं होतं तेही राहिलं.

सकाळी गाडी दारात आली. सुलोचनाने डब्यांवर डबे भरले. मेघा आदल्या दिवशीच वर्ध्याला गेली होती. विवेकने बॅग डिकीत ठेवली आणि विचारलं, काय झालं बाबा, मॅचचं? मी म्हटलं, जिंकलो. खाली गेलो. तो म्हणाला, म्हंजे आता? मी म्हटलं, आता खालच्या लीगमध्ये. त्या मॅचेस इकडं दिसत नाहीत.

तो गाडीचं दार धरून उभा राहिला. म्हणाला, मंग मले मेसेज कायचा करसान तुमी?

एवढ्या सभा गाजवल्या, एवढे शेरे लिहिले. म्हटलं, हवामानाचं पाठवत जाईन. इथलं.

तो म्हणाला, पाठवजा. आणि पाया पडला. सुलोचना रडली. मी ड्रायव्हरला नागपूरचा रस्ता समजावून सांगितला. तो नागपूरचाच होता.

गाडी हायवेला लागल्यावर आत येऊन मोबाइलमध्ये पाहिलं. यंदा मेमध्येच ढग आलेत. छत्तीस अंश. मे महिन्यात आपल्याकडं पंचेचाळीस सहज होतं, छत्तीस म्हणजे कोणाला सांगायचीसुद्धा गोष्ट नाही.

पाठवलं.